शिक्षक नसतील त्या दिवसांचे वाचन

प्राथमिक शिक्षणातील पहिली दोन-तीन वर्षे ही वाचावयास शिकण्याची वर्षे होत. त्यापुढील सर्व वर्षे वाचून शिकण्याची. तिसरीच्या अखेरीस ज्या मुलाला सलग वाचता येत नाही, त्याच्यापुढे चौथीत परिसर अभ्यासाचे पुस्तक येते, गणितातील शाब्दिक उदाहरणे येतात, आणि मूल एका विषयात नव्हे तर सर्वच विषयांत मागे पडू लागते. बुद्धी असते, उत्साह असतो. पण पुस्तकाचे दार उघडलेले नसते. म्हणूनच या वयात शिक्षकांची अनुपस्थिती ही किरकोळ गैरसोय समजून चालत नाही. मोठ्या वर्गातील विद्यार्थी राहिलेला पाठ स्वतः वाचून काढू शकतो. पहिलीतील मुलापाशी ते साधनच नसते.

‘असर’ या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातील ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हेच प्रमाण १६.३ टक्के होते. सुधारणा निश्चित आहे. परंतु दर चार मुलांमागे सुमारे तीन मुले अजून मागे आहेत, हेही तितकेच खरे. अशा स्थितीत शिक्षक वारंवार गैरहजर असतील, तर घराने, गावाने आणि शाळा व्यवस्थापन समितीने काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अनुपस्थितीची कारणे

शिक्षक वर्गावर नाहीत, याचा अर्थ दर वेळी ते कामचुकार आहेत असा होत नाही. आजारपण, प्रसूती रजा, प्रशिक्षण, केंद्रस्तरीय बैठका, निवडणुकीचे काम, बदलीनंतर रिक्त राहिलेले पद अशी अनेक कारणे असतात. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावयाचे असतात. म्हणजे लहान गावातील शाळेत एक शिक्षक रजेवर गेले की उरलेल्या एकाच शिक्षकावर चार-पाच इयत्तांचा भार येतो. ते शाळेत असतात, पण पहिलीच्या मुलांजवळ बसणे त्यांना शक्य होत नाही. मोठी मुले पाढे लिहीत बसतात आणि लहानगी पाटीवर तीच ती अक्षरे गिरवीत राहतात.

पालकांनी प्रथम हे कारण समजून घ्यावे. रजा असेल तर ती किती दिवसांची, पद रिक्त असेल तर किती महिन्यांपासून, हे मुख्याध्यापकांना शांतपणे विचारता येते. कारणानुसार उपाय बदलतो. आठ दिवसांच्या रजेसाठी घरचा अभ्यास पुरेसा होतो. रिक्त पदासाठी मात्र घरचा अभ्यास आणि लेखी पाठपुरावा ही दोन्ही कामे हाती घ्यावी लागतात.

मूल कोणत्या पायरीवर आहे?

मदत करण्यापूर्वी मुलाचे वाचन नेमके कोठवर आले आहे हे पाहणे आवश्यक आहे. त्यासाठी परीक्षेची गरज नाही. उपरोक्त पाहणीत वापरली जाणारी सोपी पद्धत कोणाही साक्षर व्यक्तीला घरी वापरता येईल. पाच सुटी अक्षरे दाखवावीत. त्यांपैकी चार बिनचूक ओळखली तर अक्षरांची पायरी आली. पाच सोपे शब्द द्यावेत. चार वाचले तर शब्दांची पायरी आली. त्यानंतर चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद, आणि शेवटी सात-आठ ओळींची लहान गोष्ट. परिच्छेद वाचताना तीनपेक्षा अधिक चुका झाल्या नाहीत आणि मूल शब्दाशब्दाला न अडखळता वाक्य सलग म्हणू शकले, तर ते गोष्टीकडे जाण्यास सिद्ध झाले असे समजावे.

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने यासाठी टप्पे ठरवून दिले आहेत. पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांची लहान वाक्ये वाचता यावीत, दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द अर्थ समजून वाचता यावेत, अशी अपेक्षा आहे. हे आकडे मुलाला धाक घालण्यासाठी नाहीत. आपण कोठे आहोत आणि कोठे जावयाचे आहे, हे पालकाला कळावे एवढाच त्यांचा उपयोग.

मूल ज्या पायरीवर असेल तेथूनच प्रारंभ करावा. दुसरीतील मूल शब्दांवर अडले असेल, तर दुसरीचे पुस्तक पुढे ठेवून त्याला दटावण्यात अर्थ नाही. त्याला पहिलीचे शब्द द्यावेत. त्यात कमीपणा काही नाही.

अक्षरांपासून वाक्यापर्यंत

मराठी वाचनाची घडण समजून घेतली, तर मुलाच्या बऱ्याच अडचणी आपोआप उलगडतात. घरी शिकविताना बहुतेक पालक ‘अ’ पासून ‘ज्ञ’ पर्यंतची संपूर्ण वर्णमाला पाठ करून घेतात, मग बाराखडी, मग शब्द. या क्रमाने जाताना मुलाला पहिला अर्थपूर्ण शब्द वाचावयास महिनोन् महिने थांबावे लागते. त्याऐवजी थोडी अक्षरे घेऊन त्यांचेच शब्द बनवावेत. उदाहरणार्थ ब, घ, र, क, म, न ही सहा अक्षरे आणि काना एवढेच घेतले, तरी घर, बघ, कर, कान, नाक, मान, मका, काम, काका, मामा, बाबा हे शब्द तयार होतात. त्यांतून ‘काका, घर बघा’, ‘मामा, काम करा’ अशी पूर्ण वाक्येही होतात. आठवड्याभरात आपण वाक्य वाचले, याचा आनंद मुलाला मिळतो, आणि तो आनंदच त्याला पुढच्या अक्षरगटाकडे नेतो. जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या बाजूचे चौकोन कापून त्यांवर अक्षरे लिहिली की साधन तयार झाले.

काही अडचणी मराठी लिपीच्याच आहेत, त्यांची पालकांना जाणीव असावी. ‘करवत’ हा शब्द मूल क-र-व-त असा चार तुकड्यांत वाचते आणि पुढे पाहत राहते, कारण आपण बोलताना ‘कर्-वत्’ असे म्हणतो. सुटी अक्षरे वाचून झाल्यावर ‘आता भरभर म्हण’ असे सांगितले की शब्द त्याच्या कानाला ओळखू येतो. ‘किती’ मधील पहिली वेलांटी लिहिताना ‘क’ च्या आधी येते, पण उच्चारताना नंतर. म्हणून मूल गोंधळते. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील च, ‘जग’ आणि ‘जड’ यांतील ज एकाच अक्षराने लिहिले जातात, परंतु उच्चार वेगळे. ‘सूर्य’, ‘चक्र’ आणि ‘दऱ्या’ या तीन शब्दांत र तीन रूपांत येतो. या ठिकाणी मूल चुकले तर तो निष्काळजीपणा समजू नये. जोडाक्षरे तर सावकाशच येतात. ती नियम सांगून शिकविण्यापेक्षा रस्ता, गोष्ट, पुस्तक, आत्या अशा रोजच्या शब्दांतून दाखवावीत.

घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांतील अंतरही लक्षात घ्यावे. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्या घरातील, किंवा वारली, कोरकू, गोंडी, भिली या भाषा बोलणाऱ्या घरातील मूल ‘पाणी’ वाचताना ‘पानी’ म्हणाले, तर त्याने वाचले आहे असेच समजावे. अर्थ कळला असेल तर तेथे थांबवू नये. घरच्या भाषेत गोष्ट सांगावी, बोलावे, आणि पुस्तकातील शब्दाला आपल्याकडे काय म्हणतात ते विचारावे. दोन्ही शब्द मुलाजवळ राहिले तर त्याचे भांडार वाढतेच.

रोजची वीस मिनिटे

रविवारी दोन तास बसविण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसणे या वयात अधिक फलदायी ठरते. वेळ ठरलेली असावी. दिवेलागणीनंतरची किंवा जेवणापूर्वीची. या वीस मिनिटांचे चार भाग करता येतील.

पहिली पाच मिनिटे मोठ्या माणसाने मुलाला वाचून दाखवावे. वाचताना शब्दांखालून बोट फिरवावे, म्हणजे ओळ डावीकडून उजवीकडे जाते आणि प्रत्येक बोललेल्या शब्दाला एक लिहिलेला शब्द असतो, हे मुलाच्या लक्षात येते. पुढील पाच मिनिटे अक्षरांचा व शब्दांचा खेळ. त्यानंतर सात-आठ मिनिटे मुलाने स्वतः वाचावे. ते अडखळले की लगेच शब्द सांगू नये. मनात पाच अंक मोजावेत, पहिले अक्षर दाखवावे, चित्राकडे बोट करावे, आणि तरीही जमले नाही तर शब्द सांगून पुढे जाऊ द्यावे. शेवटी एक प्रश्न विचारावा. ‘पुढे काय झाले असेल?’ किंवा ‘तू असतास तर काय केले असतेस?’ ज्याचे उत्तर पुस्तकात शब्दशः नाही, असा प्रश्न उत्तम. त्याचे उत्तर मुलाने एका वाक्यात वहीत लिहावे.

तोच मजकूर तीन-चार दिवस पुन्हा वाचण्यात वेळ वाया जात नाही. पहिल्या दिवशी मूल अक्षरे जुळविते, दुसऱ्या दिवशी शब्द ओळखते, तिसऱ्या दिवशी वाक्याचा अर्थ त्याच्या आवाजात उतरतो. मात्र मजकूर पाठ झाला आहे आणि मूल न पाहताच म्हणत आहे, असे वाटल्यास मधलाच एखादा शब्द दाखवून विचारावे.

पालकांना वाचता येत नसेल तर?

आपल्यालाच वाचता येत नाही, मग आपण मुलाला काय शिकविणार, असे अनेक माता संकोचाने म्हणतात. हा संकोच अनाठायी आहे. मुलाजवळ बसणे, ‘आज काय वाचलेस, मला वाचून दाखव’ असे म्हणणे आणि मन लावून ऐकणे, हे काम निरक्षर मातेलाही पूर्णपणे करता येते. मुलाने वाचलेले तिला समजले नाही, तर तिने तसे सांगावे. मूल पुन्हा, अधिक स्पष्ट वाचते.

याहूनही एक चांगला उपाय आहे. आईने किंवा आजीने एखादी घडलेली गोष्ट दोन-तीन वाक्यांत सांगावी: शेळी कशी सुटली, बाजारात काय आणले, आजोबा लहानपणी कोठे पोहत. घरातील चौथी-पाचवीतील मुलाने ती मोठ्या अक्षरांत लिहून काढावी आणि पहिलीतील मुलाने वाचावी. शब्द ओळखीचे, माणसे ओळखीची, त्यामुळे वाचन सुलभ होते. महिनाभरात अशा वीस-पंचवीस पानांचे घरचे पुस्तक तयार होते. त्यासाठी आईला लिहिता येण्याची गरज नाही. तिला बोलता येते, एवढे पुरे.

वाचनसाहित्यासाठी फार खर्च करावा लागत नाही. बियाण्यांची पिशवी, एस. टी. ची पाटी, लग्नपत्रिका, किराण्याची यादी, ग्रामपंचायतीचा फलक, हे सारे वाचनपाठच आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता मिळालेली ग्रंथालये अनेक गावांत आहेत; तेथील बालविभागाची चौकशी करावी. शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तके कपाटात बंद राहण्यासाठी नसून मुलांच्या हाती देण्यासाठी आहेत, हे विनयपूर्वक पण स्पष्टपणे सांगावे. बालभारतीतर्फे १९७१ पासून प्रसिद्ध होणारे ‘किशोर’ मासिक थोड्या मोठ्या मुलांसाठी आहे. मोठ्यांनी त्यातून लहानांना वाचून दाखविता येईल. घरात स्मार्टफोन असेल तर बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि ‘स्टोरीवीव्हर’ सारख्या ठिकाणच्या मराठी चित्रगोष्टी विनामूल्य मिळतात. परंतु फोन मुलाच्या हाती सोपवून उठून जाणे म्हणजे वाचन घेणे नव्हे. फोनवरील गोष्टही कोणी तरी शेजारी बसून वाचली पाहिजे.

शाळा अंगणात येऊ शकते

एका घराला जे जड जाते, ते चार घरांना मिळून हलके होते. पहिली-दुसरीची पाच-सहा मुले एका ओसरीवर जमवावीत आणि आठवड्याचे दिवस पालकांनी वाटून घ्यावेत. चौथीतील मुलांनी पहिलीच्या मुलांना वाचून दाखवावे. त्यात लहानांचा लाभ आहेच, पण शिकविणाऱ्याचे वाचनही पक्के होते. गावातील सेवानिवृत्त शिक्षक, सुट्टीवर आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी, बचतगटातील शिकलेल्या भगिनी यांना आठवड्यातून एक दिवस मागता येईल. राज्यात २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात मातांचे गट स्थापन करण्यात आले. जेथे ते गट आहेत, तेथे त्यांच्याकडे हे काम सहज सोपविता येईल.

ही कल्पना आपल्या भूमीला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडला गेले. मुले शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून तेथे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी अंगणवाडी आणि कुरणशाळा यांचे प्रयोग केले. मार्च २०२० नंतर कोरोनाच्या साथीमुळे शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या, तेव्हाही राज्यात अनेक ठिकाणी ओसऱ्यांवर, समाजमंदिरांत, झाडाखाली मुलांचे गट जमविले गेले. काही गावांत ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकविले गेले. वर्ग बंद असला तरी शिकणे सुरू ठेवता येते, हा अनुभव गावांपाशी आहे.

घरचा अभ्यास हा शिक्षकाला पर्याय नव्हे

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगणे आवश्यक आहे. घरी वाचन घेतले जाते, म्हणून शाळेतील रिकामी खुर्ची क्षम्य ठरत नाही. ज्या घरात वाचन घेणारे कोणी नाही, जे आई-वडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात, त्यांच्या मुलासाठी शाळा हेच एकमेव ठिकाण असते. आपल्या मुलाची सोय झाली म्हणून आपण गप्प राहिलो, तर त्या मुलाची बाजू मांडणारे कोणी उरत नाही.

उपरोक्त कायद्याच्या कलम २४ प्रमाणे शिक्षकाने नियमित व वेळेवर शाळेत उपस्थित राहणे, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे अधिक शिकविणे आणि पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची प्रगती सांगणे ही कर्तव्ये आहेत. त्याचबरोबर कलम २७ अन्वये दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. म्हणजे कायदा शिक्षकाला कर्तव्य सांगतो आणि त्याचे संरक्षणही करतो. वर्षाला पहिली ते पाचवीसाठी किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावयास हवे, असेही अनुसूचीत नमूद आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे हे तिचे काम होय. पालकांनी समितीच्या बैठकीत ‘शिक्षक कधीच नसतात’ असे मोघम न बोलता नोंद ठेवून बोलावे. कोणत्या तारखांना कोणता वर्ग शिक्षकाविना राहिला, कारण काय सांगितले गेले, पर्यायी व्यवस्था झाली किंवा नाही, एवढे एका वहीत लिहिलेले असावे. समितीने ठराव करून तो प्रथम केंद्रप्रमुखांकडे व नंतर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा आणि पोच घ्यावी. रिक्त पद असेल तर तात्पुरत्या व्यवस्थेची लेखी मागणी करावी. कलम ३२ अन्वये स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रारही करता येते. भाषा संयमाची आणि मागणी नेमकी असली, की अर्जाला वजन येते.

मुलासमोर मात्र शिक्षकांविषयी कडवट बोलू नये. ज्या बाईंबद्दल घरी हेटाळणी ऐकली, त्यांच्यासमोर मूल मन उघडत नाही. उलट शिक्षक परत आले की त्यांना वाचन-वही दाखवावी: कोणते शब्द जमले, कोठे अडले, कोणती गोष्ट वाचली. त्यामुळे त्यांना मागील पाठ पुन्हा चाचपावा लागत नाही आणि जेथे घराने सोडले तेथून शाळा पुढे नेते. मनापासून काम करणाऱ्या शिक्षकाला अशा वहीचे मोल कळते.

मूल तरीही अडत असेल तर

दोन-तीन महिने नियमित वाचन घेऊनही मूल अक्षरांवरच अडत असेल, तर सर्व दोष शिक्षकांच्या गैरहजेरीला देऊन थांबू नये. फळा नीट दिसतो का, हाक नीट ऐकू येते का, हे आधी पाहावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील आरोग्य पथके शाळेत तपासणी करतात. त्यांना मुलाची अडचण आवर्जून सांगावी. काही मुलांना अक्षरे व ध्वनी यांची सांगड घालणेच अवघड जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अशा विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. त्या मुलांना अधिक वेळ आणि वेगळी पद्धत लागते, छडी नव्हे.

दरवर्षी १५ ऑक्टोबर रोजी, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, राज्यात वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. वाचनाचा खरा कस मात्र उरलेल्या दिवसांत लागतो. शिक्षक आले नाहीत त्या दिवशी दप्तर कोपऱ्यात पडले, की उघडले गेले, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. रिक्त पदे भरणे, शिक्षकांना वर्गावर ठेवणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि ते पार पाडले जावे यासाठी नागरिकांनी सतत आग्रह धरला पाहिजे. परंतु सहा-सात वर्षांच्या मुलाचे वर्ष शासकीय कार्यवाही पूर्ण होईपर्यंत थांबून राहत नाही. त्या मुलाला आज रात्रीची वीस मिनिटे देणे, हे मात्र आजच आणि आपल्याच हाती आहे.